तळ्याकाठचे तीन तारे

१

त्या सकाळी तळ्याच्या काठावर तीन तारे उगवले होते, आणि खरं तर तिथे एकही असायला नको होता.

मी लेसरच्या बाकावर एकटीच होते. बाक म्हणजे आमचं जाड लोखंडी टेबल. त्यावर ओळीने भिंगं, मधोमध तेलाने भरलेली काचेची चपटी पेटी, आणि त्या पेटीतून मुंगीच्या पावलाने सरकणारी फिल्म. ही फिल्म विमानातून येते. विमान ढगांवरून जातं, त्याचं रडार खालच्या जमिनीला हाका मारत राहतं, आणि परत आलेल्या हाका फिल्मवर उमटतात. पण ती फिल्म उजेडात धरून बघितली तर तिच्यावर काहीच दिसत नाही. नुसता करडा धूसरपणा, बारीक कंगव्याने विंचरल्यासारखा. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं स्वप्न कळत नाही, तसंच. मग तिच्यातून लेसरचा लाल उजेड जातो, भिंगं तो गोळा करतात, आणि पलीकडच्या काचेवर नदी जागी होते, पूल जागा होतो, शेतांचे बांध जागे होतात. पदवी घेऊन मी इथे आले त्याला फार दिवस झाले नव्हते. पहिला पूल दिसला की अजून माझा श्वास अडकायचा.

त्या दिवशी बाकावर चाचणीची फिल्म होती. तीन चौकोनी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले की खोक्याच्या आतल्या कोपऱ्यासारखी वस्तू तयार होते. रडारची हाक त्यात शिरली की आल्या वाटेने परत जाते, म्हणून चित्रात तिथे लखलखीत ठिपका पडतो. त्या वस्तूला आम्ही कोपरा म्हणतो आणि ठिपक्याला तारा. मोकळ्या मैदानावर कोपऱ्यांची ओळ मांडायची, वरून विमान न्यायचं, आणि तारे किती टोकदार येतात ते बघायचं, ही आमची चाचणी. यावेळी फिल्मचा अर्धा भाग जुन्या रसायनात धुतला होता आणि अर्धा नव्या, सौम्य रसायनात. नवं रसायन डार्करूमच्या मावशीने जमवलं होतं. त्यात फिल्म जास्त वेळ ठेवावी लागते, पण तारे बारीक येतात, असं तिचं म्हणणं. भिंगसाहेबांनी अट घातली होती. रसायन सगळीकडे सारखं लागलं नाही की चित्रात भुतं उठतात, म्हणजे जिथे काही नाही तिथे ठिपके दिसतात. मैदानाबाहेर असं एक जरी भूत दिसलं, तर नवं रसायन बाद.

आणि इथे तर तीन. तळ्याकाठच्या वस्तीवर, एका सरळ रेषेत. मधला झगझगीत, आजूबाजूचे दोन जरा मंद, जणू मोठ्या भावाचे हात धरून उभे.

भिंगसाहेब आले. आमचे प्रमुख. त्यांच्या गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं असतं, त्यावरून हे नाव. समोर मात्र सगळे नुसतं साहेब म्हणतात. त्यांनी बराच वेळ काचेकडे पाहिलं, मग फिल्म काढायला लावली आणि प्रकाशपेटीवर पसरून इंचाइंचाने तपासली. एका जागी त्यांचा हात थांबला.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे काय आहे?"

कोणीतरी दोन बोटं रुंदीचा तुकडा कापून काढला होता आणि तिथे बरोबर तेवढाच करडा, कोरा तुकडा बसवला होता. जोड इतका सफाईदार होता की बोट फिरवूनही कळत नव्हता.

"तिच्या रसायनाचा डाग पडला असणार," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तो लपवायला कापलं. असा जोड या इमारतीत दुसरं कोण घालतं?"

चाचणीची नोंद कापणं म्हणजे सरळ बडतर्फी. सगळे तिला मावशी म्हणतात. माझी मात्र ती खरीच मावशी, आईची धाकटी बहीण.

२

मुख्य कार्यालयाने चौकशीला पाठवलेला माणूस पहिल्या दिवशीच 'डुलकी' झाला. नाव मीच ठेवलं असं मावशी म्हणते, पण ते कोणीही ठेवलं असतं. जाडजूड देह, जड पापण्या. लेसरच्या अंधाऱ्या खोलीत येऊन तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "इथे बरं आहे. इथेच बोलवा सगळ्यांना." आणि डोळे मिटले.

चौकशी संपली की तो अहवाल लिहिणार होता. अहवालात मावशीचं नाव आलं, की तिने आयुष्यभर केलेलं काम संपलं. दुसरं कुठलं खातं तिला डार्करूमच्या दारातही उभं करणार नव्हतं.

मावशी आली ती हात पुसत. तिच्या बोटांची टोकं रसायनाने कायमची तपकिरी झाली आहेत.

"तुम्ही कापलंत?" डुलकीने डोळे न उघडता विचारलं.

"डाग पडला असता तर मी त्याला फ्रेम करून लावलं असतं. डागाशिवाय शिकायचं कशावरून?"

"जोड तुमच्यासारखा आहे म्हणतात."

"असणारच. मीच शिकवलाय सगळ्यांना. साहेबांना शिकवला, विमानातल्या ढगोबाला, मैदानातल्या कोपरेकरला, या पोरीला. चौघांपैकी एकाने तरी नीट लक्ष दिलं म्हणायचं, त्यातच समाधान."

"तुमच्याकडून फिल्म कोणाकडे जाते?"

"मी धुते, वाळवते. मग कोपरेकर येऊन नजर टाकून जातो. त्यातलं त्याला काही कळत नाही, पण बघितल्याशिवाय राहवत नाही. मग ढगोबा काठावर वेळा लिहितो. मग साहेबांचं कपाट, मग ही."

"वेळा म्हणजे?"

"विमानातलं घड्याळ फिल्मच्या काठावर नुसते ठिपके पाडतं. कुठला ठिपका किती वाजताचा, हे ढगोबाच्या उड्डाणाच्या नोंदीत असतं. तो आकडे घालेपर्यंत ती फिल्म म्हणजे नुसती करडी पट्टी. डोकं कुठे, शेपूट कुठे, कोणालाही सांगता यायचं नाही."

डुलकीने मान हलवली. मग विचारलं, "झोप कशी लागते?"

मावशीला हसू आलं. "तुमच्यासारखी नाही."

ती बाहेर पडली. मी तिच्यामागे गेले. तिने मला बोलूच दिलं नाही. "माझी बाजू घ्यायची नाही हं. भाचीने मावशीला वाचवलं असं झालं, तर मी गेल्यातच जमा. तुला बाकावर जे दिसेल तेवढंच सांग."

"आणि काही वाईट दिसलं तर?"

"तर तेही," ती म्हणाली, आणि निघून गेली.

खोलीत परत आले तेव्हा वाटलं डुलकी खरंच झोपलाय. पण तो म्हणाला, "तीन तारे म्हणालात ना? भुतं अशी शिस्तीत हात धरून उभी राहतात का हो कधी?"

३

ढगोबा म्हणजे विमानातला रडार ऑपरेटर. बारीक, लाजाळू, आणि जमिनीवर असताना कायम जरासा हरवलेला, आपलं सामान वरच राहिलंय असं वाटावं तसा. त्याने खिशातून पेन्सिलींची डबी काढून मांडीवर ठेवली आणि तिचं झाकण अंगठ्याने उघडमीट करत बसला. पत्र्याची डबी, घरी केलेली; कडा अशा दुमडलेल्या की कुठे सांधा दिसत नव्हता.

"वर तुम्हाला काय दिसतं?" डुलकीने विचारलं.

"एक हिरवी रेघ. पडद्यावर सारखी थरथरते. खाली पाणी असलं की शांत होते, गाव आलं की उसळते." त्याचा आवाज सैल झाला. "खाली सगळा ढग असतो. पांढरा, अगदी क्षितिजापर्यंत. त्याखाली माणसं आहेत यावर विश्वास बसत नाही. पण रेघ उसळते, म्हणजे असतात."

"आणि ती रेघ फिल्मवर उतरते."

"हो. फिल्म सरकत असते. एक रेघ म्हणजे जमिनीची एक बारीक पट्टी. पट्टीला पट्टी लागत जाते आणि जमीन तयार होते. भिंत रचावी तशी."

मी काही बोलणार होते, तेवढ्यात डुलकीने पुढचं विचारलं.

"फिल्म वर तुटली तर?"

"तर मीच जोडतो. मावशींनी शिकवलंय. लांबी मात्र केसभरही बदलू द्यायची नाही. लांबी गेली की पुढची सगळी जमीन सरकते." त्याने डबीचं झाकण उघडलं. "मावशींनी वाईट हेतूने काही केलं नसेल, साहेब. एवढं लिहा."

"म्हणजे त्यांनी केलं असं तुम्हाला वाटतं?"

डबीचं झाकण मिटलं. "मी असं कुठे म्हटलं?"

कोपरेकर हे त्याचं आडनाव नव्हे. मैदानावर कोपरे मांडतो म्हणून कोपरेकर. तो आला तो तणतणतच. मी काचेवर तळ्याचा काठ आणून दाखवला, तसा तो वाकून बघत राहिला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

"तुमचा आहे असं कोणी म्हटलं?"

"नाही, पण बघा ना. माझे कोपरे सरकारी मापाचे, वर्षातून दोनदा तपासलेले. आणि हा मधला कोण शहाणा आलाय तो माझ्या प्रत्येकापेक्षा जास्त चमकतोय. घराचा कोपरा, गाडीचा टप, असलं काही इतकं चमकत नाही. काटकोन जरासा हलला की चमक जाते. हा कोणीतरी जिवापाड मापून केलाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या अपरोक्ष दुसरा माणूस नेमलाय का तुम्ही लोकांनी?"

"तुम्ही फिल्म बघितली तेव्हा हे दिसलं नव्हतं?" डुलकीने विचारलं.

"तेव्हा काय दिसणार? ओली-वाळली करडी पट्टी. काठावर आकडेसुद्धा नव्हते. बघितली, छान आहे म्हटलं, घरी गेलो. बायको म्हणते, तू रोज काय बघून येतोस. काय सांगू तिला?"

तो गेल्यावर मी पुन्हा काचेकडे वळले. लाल अंधारात ते तीन तारे तसेच जळत होते. बघता बघता मला वाटलं, ते तीन नाहीतच. एकाच ताऱ्याकडे मी डोळ्यांत पाणी आलेलं असताना बघतेय.

आणि मग मला कळलं की अगदी तसंच असणार.

४

"जरा उठून बघता का?" मी म्हटलं.

"मी बघतोच आहे," डुलकी म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. पण तो उठला.

मी फिल्म मागे नेली, मैदानावरच्या कोपऱ्यांची ओळ काचेवर आणली. नीट, टोकदार तारे. त्यातला एक निवडला. मग काळ्या कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी कापली आणि काचेच्या पेटीला बाहेरून टेकवून हळूहळू सरकवत नेली. तारा मंदावला. आणखी सरकवली. एका जागी तो फुटला. मध्ये एक, दोन्ही बाजूंना एकेक.

डुलकीने पहिल्यांदा पूर्ण डोळे उघडले. ते अनपेक्षितपणे पाणीदार होते. "हे काय केलंत?"

"काही नाही, त्याच्या फिल्मचा मधला भाग झाकला. ढगोबा म्हणाला ना, एक रेघ म्हणजे जमिनीची एक पट्टी? ते चूक आहे. विमान कोपऱ्यासमोर येण्याच्या कितीतरी आधी रडारची हाक त्याच्यापर्यंत पोचायला लागते, आणि तो मागे पडल्यावरही पोचत राहते. म्हणून एकेका कोपऱ्याचा ठसा फिल्मवर चांगला पाच-सहा बोटं पसरलेला असतो. शेजारच्याचा ठसा त्याच्यावरच चढलेला, त्याच्यावर आणखी तिसऱ्याचा. सगळी जमीन एकमेकांत विरघळलेली. भिंगं तो पसारा परत एका बिंदूत गोळा करतात."

"आणि मधला भाग नसेल तर?"

"तर दोन्ही टोकांकडून आलेला उजेड एकत्र येऊन तारा तरीही बनवतोच. फक्त त्याला दोन जुळी भावंडं होतात. तळ्याकाठी भुतं नाहीत. तिथे एकच खराखुरा कोपरा आहे, आणि कोणीतरी त्याच्या ठशाचं पोट कापलंय."

"तुमच्या मावशीने डाग कापला, आणि तो नेमका तिथे पडला होता, असं होऊ शकतं?"

हा प्रश्न मला नको होता, पण योग्य होता. मी तळ्याचा काठ परत आणला. आता काळ्या कागदाने सगळी पेटी झाकली आणि एक अरुंद फट ठेवली. फट सरकवत गेले. एका जागी मधल्या ताऱ्याची पहिली धुगधुगी दिसली. तिथे खूण केली. मग मधला कोरा तुकडा आला, तारा विझला. पुन्हा पेटला. मग शेवटची धुगधुगी, तिथे दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य काढला. मग जोडांचा मध्य काढला. खात्री करायला पुन्हा सगळं केलं.

"दोन्ही मध्य एकाच जागी आहेत," मी म्हटलं. "डाग इतका नेम धरून पडत नाही. ज्याने कापलं त्याने हाच तारा कापायचा ठरवलं होतं."

डुलकी परत खुर्चीत बसला. बोलला तो स्वतःशीच बोलल्यासारखा.

"म्हणजे आपल्या माणसाला ताऱ्याची वेळ पक्की ठाऊक होती, पण ताऱ्याचा पसारा ठाऊक नव्हता. पसारा ठाऊक असता तर पाच-सहा बोटं कापली असती. तो साहेबांना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दोघं गळालात. मावशी आणि कोपरेकर यांच्या हातात फिल्म होती तेव्हा तिच्यावर वेळाच नव्हत्या. करड्या पट्टीतली नेमकी दोन बोटं त्यांना सापडली नसती. तेही गळाले."

उरलं कोण, हे दोघांनाही कळलं होतं. मला विमानातली ती हिरवी रेघ आठवली, आणि ती ज्या आवाजात सांगितली गेली तो आवाज.

"पण का?" मी म्हटलं. "त्याला मावशीचं वाईट करायचं असेल असं वाटत नाही."

"चित्रावरून ही जागा नकाशावर काढता येईल?"

मी नकाशा शेजारी धरला. तळं, घाट, वळणारा रस्ता. बोट एका अरुंद गल्लीवर थांबलं.

"चला," डुलकी म्हणाला. "झोप झाली माझी."

५

त्या गल्लीत दुपारीही दिवे लागलेले होते. वर ढग, खाली दोन्ही बाजूंना पत्र्याची दुकानं. बादल्या, पन्हाळी, धान्याचे डबे, आणि सगळीकडे हातोड्यांचा आवाज. प्रत्येक दुकानाचा ठोका वेगळा, पण चालता चालता ते सगळे मिळून एकच पाऊस पडत असल्यासारखे वाटत होते. मी सकाळी काचेवर ही गल्ली बोटभर लांब पाहिली होती. आता तिच्यातून चालताना वाटत होतं, की वरून कोणीतरी आपल्यालाही बघतंय.

टोकाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ भट्टीजवळ पत्र्याच्या सांध्याला डाख देत बसले होते. मागच्या फळीवर पत्र्याच्या लहान डब्या रचलेल्या. कडा दुमडलेल्या, सांधा कुठेच दिसत नाही. ती घडी मी सकाळी एका मांडीवर उघडमीट होताना पाहिली होती. मी डुलकीच्या बाहीला हात लावला. त्याने मान हलवली.

"काका, तुमच्या छपरावर काही ठेवलंय का?" त्याने विचारलं.

"ठेवलंय की." ते जरा ताठ बसले. "बघायचंय? शिडी मागे आहे. हात मात्र लावू नका, काटकोन बिघडेल."

आम्ही वर गेलो. कौलांच्या मधल्या सपाट जागेत तो ठेवला होता. तीन पत्रे, आरशासारखे घासलेले, एकमेकांना अशा कडेने भिडलेले की मध्ये केस जाणार नाही. आत ढगांचं आभाळ तीनदा वाकून दिसत होतं. वाऱ्याने हलू नये म्हणून चारही बाजूंना विटा रचल्या होत्या.

खाली आल्यावर मी विचारलं, "कोणासाठी केलंत?"

"मुलासाठी. म्हणजे त्याच्यासाठी नाही, त्याला गप्प करायला." ते हसले. "तो विमानात असतो. मी त्याला कायम म्हणायचो, दुकान सोडून ढगात बसायला जातोस, ढगातून काय डोंबल दिसतं? भांडणंच व्हायची. दोन-तीन वर्षं तर धड बोललोही नाही. मग मध्यंतरी एकदा येऊन म्हणाला, बाबा, असा असा पत्रा करा, छपरावर ठेवा. मी तुम्हाला ढगातून तुमचं छप्पर दाखवतो. म्हटलं, बघू या तरी. आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. फोटो घेऊन येतो म्हणाला होता. आला, पण रिकाम्या हाताने. जेवला, खाली मान घालून गेला."

ते डाखाची कांडी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्ही तिथल्याच दिसता. एक सांगा. मी कमी पडलो का? दिसलं नाही का छप्पर?"

डुलकीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्यावरच टाकलं होतं त्याने.

"दिसलं," मी म्हटलं. "सरकारी कोपऱ्यांपेक्षा ठळक दिसलं."

"मग तो सांगत का नाही?"

६

ढगोबाला फार विचारावं लागलं नाही. आम्ही त्याच गल्लीतून येतोय हे बहुतेक माझ्या बुटांवरच्या भट्टीच्या राखेवरून त्याला कळलं असावं. लेसरच्या खोलीत साहेब होते, मावशी होती. कोपरेकरला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपोआप आला होता.

"उड्डाण झाल्यावर मला चाचणीची अट कळली," ढगोबा म्हणाला. "मैदानाबाहेर एक जरी ठिपका दिसला तर मावशींचं रसायन बाद. आणि बाबांचा कोपरा मैदानाबाहेर. तो चित्रात आला की सगळे त्याला भूत समजणार. मला विमान छपरासमोर आलं ती वेळ ठाऊक होती. आकडे घालता घालता तेवढीच दोन बोटं काढली. सुरुवातीला रडार बंद असताना फिल्म नुसतीच करडी जाते, तो तुकडा तिथे बसवला. वाटलं, छप्पर गेलं, चाचणी वाचली."

"साहेबांना सरळ सांगायचं," कोपरेकर म्हणाला. "की माझ्या बापाने कोपरा ठेवलाय, मोजू नका."

"सांगितलं असतं तर चाचणीत खाजगी वस्तू घुसवली म्हणून मला खाली उतरवलं असतं." त्याने मान वर केली नाही. "मला उडणं सोडायचं नव्हतं."

"तुझा तारा गेलाच नाही," मी म्हटलं. "तू मधलं काढलंस, आणि एकाचे तीन झाले."

त्याने काचेकडे पाहिलं. स्वतःच्या बापाचं छप्पर तो पहिल्यांदा बघत होता. मग त्याने रुमालात गुंडाळलेला तुकडा काढून बाकावर ठेवला. फेकायला हात झाला नाही, एवढंच म्हणाला.

मावशी पुढे आली.

"माझ्यासाठी कापलंस, हे कळलं. पण नंतर हे लोक मला घरी पाठवायला निघाले, तेव्हा गप्प बसलास तोही माझ्यासाठीच का?"

"नाही," तो म्हणाला. "ते माझ्यासाठी."

"बरं. खरं बोलायला लागलास." तिने खुर्ची ओढली. "बस इथे. जोड तो तुकडा. मी हात लावणार नाही. तू कापलास, तू जोड. आणि डावीकडची कड धरून जोड, नाहीतर सरकेल."

तो जोडत असताना ती त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहिली. एकदा "हळू" म्हणाली, एकदा "हं". मग मी फिल्म पेटीत घातली. तळ्याच्या काठावर एकच तारा आला, सुईच्या टोकाएवढा. मी आजवर बाकावर पाहिलेला सगळ्यात बारीक. तो नव्या रसायनात धुतलेल्या अर्ध्या भागात होता. साहेबांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

डुलकीने अहवाल तिथेच, लाल उजेडात लिहिला. मावशीचं नाव त्यात एकाच ठिकाणी आलं, रसायनाच्या संदर्भात. ढगोबाला निर्णय होईपर्यंत उड्डाण बंद झालं. त्याने सही केली आणि मुकाट्याने बाहेर गेला. चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. "या चित्राच्या दोन प्रती काढा," डुलकी मला म्हणाला. "एक पुरावा म्हणून. दुसरी त्याच्या हातात द्या, पत्र्याच्या दुकानात न्यायला. फोटो नेतो म्हणाला होता, तर नेऊ दे."

"अहवालात हे लिहिणार?"

"मला जे झोपेत सुचतं ते मी लिहीत नाही," तो म्हणाला, आणि खुर्चीतून उठताना पहिल्यांदा जरा थकलेला दिसला.

मी प्रती घेऊन मावशीला दाखवायला डार्करूमकडे गेले तर बोळात साहेब उभे होते. दाराच्या वरचा लाल दिवा लागलेला होता. तो लागला की आत फिल्म उघडी आहे असा अर्थ, आणि मग प्रमुख असो की मंत्री, दार कोणी उघडायचं नसतं. साहेबांनी भिंग हातात धरलं होतं आणि ते शर्टाच्या टोकाला पुन्हा पुन्हा पुसत होते. तोंडाने काहीतरी हळूच म्हणत होते; ऐकलं तेव्हा कळलं, काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती.

"आत कोणती फिल्म चाललीय?" त्यांनी मला विचारलं.

त्या दिवशी विमान उडालंच नव्हतं. धुवायला एकही फिल्म नव्हती. आतून नळाचा आवाजही येत नव्हता.

"मोठी असेल," मी म्हटलं. "तिच्या रसायनात वेळ लागतो."

साहेबांनी मान हलवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मीही थांबले. थोड्या वेळाने कोपरेकर आला, दिव्याकडे बघितलं, आणि काही न विचारता आमच्या शेजारी उभा राहिला.